काळ्या पाण्याची हौस

ज्या काळी एखाद्या इसमास समुद्रापलीकडच्या बेटावर धाडण्याचा हुकूम सुटत असे, त्या काळी त्याच्या प्रवासाची, निवासाची, भोजनाची, इतकेच नव्हे तर अंगावरील वस्त्राची आणि गळ्यातील बिल्ल्याचीही तजवीज सरकारी तिजोरीतून होत असे, आणि त्या इसमाकडून सरकारची अपेक्षा एवढीच असे की त्याने परतीची घाई करू नये. आता राज्य बदलले, जमाना बदलला, आणि त्याच अंदमानात, त्याच बंदरात, आमच्या घाटंजी तालुक्यातील नवपरिणीत दांपत्ये स्वखुशीने, स्वखर्चाने आणि पुष्कळदा कर्जाऊ पैशाने उतरू लागली आहेत. जन्मठेपेची मुदत पाच रात्री व सहा दिवसांवर आली आहे, बिल्ल्याच्या जागी सहल कंपनीचे ओळखपत्र आले आहे, आणि शिक्षेचा खर्च ज्याचा त्याने सोसावा, हे जे दंडनीतीतील तत्त्व इंग्रजांच्याही ध्यानात आले नव्हते, ते आपण हसतमुखाने अमलात आणले आहे.

तथापि घाटंजीहून मधुचंद्रास निघणे ही केवळ तिकीट काढण्याची बाब आहे असा ज्यांचा ग्रह असेल, त्यांनी मांडव उतरल्यावर दोन-चार दिवसांनी, रात्रीच्या जेवणानंतर, ओट्यावर भरणाऱ्या त्या बैठकीस अवश्य हजर राहावे. बैठकीपुढील विषय ‘दोघांनी कोठे जावे’ हा असतो, आणि त्या दोघांखेरीज बाकी सर्वांस बोलण्याचा अधिकार असतो.

पहिला शब्द अर्थातच आजोबांचा. “आमी तं माहूरले गेलो होतो, बंडीनं. रेणुकामायचं दर्शन घेतलं, दत्तशिखरावर गेलो, आन् घरी आलो. काय कमी पडलं आमाले?” या बंडीत आजोबा, आजी, आजोबांचे मातापिता, दोन अविवाहित बहिणी, एक म्हातारी मावशी आणि वाटेतल्या स्वयंपाकाची भांडी एवढा सरंजाम होता, आणि आजीची बसण्याची जागा भांड्यांच्या पलीकडे नेमून दिलेली असल्यामुळे तिचा चेहरा आजोबांच्या दृष्टीस प्रथम पडला तो गडाच्या पायऱ्यांवर, तोही पदर वाऱ्याने सरकला म्हणून. कमी काहीच पडले नाही, ही गोष्ट पुढे झालेल्या सात अपत्यांवरून सिद्धच आहे.

मामांचे मत चिखलदऱ्यास. विदर्भाला थंड हवेचे ठिकाण म्हणून विधात्याने एवढेच एक दिले असताना त्याचा अव्हेर करून जाणे हा प्रादेशिक अन्याय आहे, अशी त्यांची भूमिका. शिवाय तेथे कीचकदरी आहे, म्हणजे परस्त्रीवर नजर टाकणाऱ्या पुरुषाचे भीमसेनाने काय केले त्याची जागा प्रत्यक्ष पाहता येते, आणि नवविवाहित पुरुषास याहून हितकर दृश्य दुसरे कोणते? काकांना पाण्याचे आकर्षण समजते, परंतु त्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचे प्रयोजन समजत नाही. “पानीच पाहाचं हाय ना? मंग सहस्रकुंडले जा. पैनगंगा कशी कोसळते पाहा. सकाळी गेले का संध्याकाळी घरी.” संध्याकाळी घरी, या दोन शब्दांत काकांच्या साऱ्या युक्तिवादाचे मर्म साठवलेले असते.

यानंतर आत्याबाई, ज्या इतका वेळ सुपारी कातरीत गप्प होत्या, त्या एकच प्रश्न विचारतात. “आन् सोबत कोन कोन चाल्लं?”

“कोनी नाई, आत्या.”

“दोघंच?” अडकित्ता थांबतो. “इतल्या दूर? आन् तिथं कराचं काय दोघायनं?”

या प्रश्नाचे उत्तर बैठकीतील प्रत्येकास ठाऊक असते आणि एकासही देता येत नाही. सबब विषय पुढील बैठकीपर्यंत तहकूब होतो.

दुसऱ्या बैठकीत चिरंजीव नकाशासह येतात. मालदीवचा प्रस्ताव प्रथम मांडला जातो व प्रथमच फेटाळला जातो. तेथे सुमारे बाराशे बेटे असून त्यांतल्या पुष्कळशा एकेका बेटावर एकेकच विश्रामालय आहे, म्हणजे एकांताची व्यवस्था निसर्गानेच केलेली, हे खरे. परंतु जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप-भेटीनंतर तिकडच्या तीन उपमंत्र्यांनी जी मुक्ताफळे उधळली आणि त्यापायी निलंबन ओढवून घेतले, तो प्रसंग धाकट्या भावाच्या पूर्ण स्मरणात असतो, आणि ज्याने जन्मात कधी नागपूरचा विमानतळ आतून पाहिलेला नाही त्याने मालदीववर घातलेला बहिष्कार अद्यापि उठलेला नसतो. शिवाय तो देश समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटर उंच आहे, २००९ साली तेथील मंत्रिमंडळाने हवामानबदलाकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी पाण्याखाली जाऊन बैठक भरवली होती, हे कळल्यावर वरमाता निर्वाणीचे सांगतात की बुडणाऱ्या गावाला सून पाठवायची नाही.

लक्षद्वीपाबाबत देशभक्तीची अडचण नाही, पण दफ्तराची आहे. बाहेरच्या माणसास तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी प्रवेशपरवाना लागतो, त्यासाठी अर्ज लागतो, अर्जासोबत पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला लागतो. आणि लग्न लागण्यापूर्वी मुलीकडच्यांनी ज्या चारित्र्याची चौकशी पांढरकवड्यापासून आर्णीपर्यंत करून घेतली, त्याचाच दाखला लग्नानंतर पुन्हा ठाण्यातून आणणे चिरंजिवांस प्रशस्त वाटत नाही. तेथे, एखादे बेट वगळता, मद्यपानास मनाई आहे, हे कळताच चिरंजिवांच्या मित्रमंडळाचाही त्या प्रस्तावातील रस आटतो, वास्तविक मित्रमंडळ बरोबर जाणार नसते. आणि सर्वांत मोठा आक्षेप आकाराचा. छत्तीस बेटे मिळून त्या प्रदेशाचे क्षेत्रफळ भरते बत्तीस चौरस किलोमीटर, आणि आमचे टिपेश्वरचे अभयारण्य एकटे एकशे अठ्ठेचाळीस. “म्हन्जे आपल्या एका वाघाले जेवढी जागा लागते तेवढा त्यायचा मुलूख,” असा निकाल काका देतात, आणि त्यावर अपील चालत नाही.

उरते अंदमान. येथे चिरंजिवांनी जो मुत्सद्दीपणा दाखविला त्याची दाद दिलीच पाहिजे. त्यांनी शुभ्र वाळूचा उल्लेख केला नाही, राधानगरच्या किनाऱ्याचा केला नाही, निळ्या पाण्याखालील प्रवाळांचा तर मुळीच केला नाही, त्यांनी आजोबांकडे वळून एवढेच म्हटले, “आबा, सावरकरांची कोठडी पाहून येतो.” आजोबा ताठ बसले, त्यांनी टोपी सारखी केली, आणि तत्क्षणी मधुचंद्राचे रूपांतर तीर्थयात्रेत झाले. तीर्थयात्रेस मात्र दोघांनीच का जावे, असा जो रास्त प्रश्न आत्याबाईंच्या ओठांवर आला होता, तो विमानभाड्याचा आकडा ऐकून तेथेच विरला.

तात्पर्य, नागपूरहून उडून, चेन्नईस किंवा कोलकात्यास विमान बदलून, दांपत्य जेथे उतरते तो विमानतळच वीर सावरकरांच्या नावाचा आहे. नगराचे पोर्ट ब्लेअर हे नाव जाऊन २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. आणि सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या संध्याकाळी, अनंतकाळच्या सहजीवनाचा शुभारंभ म्हणून, सेल्युलर जेलमधील ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम योजलेला असतो. हातावरची मेंदी अजून उतरलेली नाही, चुडा मनगटात नवा आहे, आणि अंधारातून कोलू, चाबूक आणि फाशीघर यांचे वर्णन गंभीर आवाजात चालले आहे, अशा स्थितीत नववधूने पतीच्या खांद्यावर मस्तक टेकावे की डोळे पुसावे, याबद्दल कार्यक्रमपत्रिकेत काही सूचना नसते.

त्या वास्तूपुढे विनोद गप्प होतो, आणि झालाही पाहिजे. परंतु तिच्या रचनेत जे शास्त्र आहे त्याकडे आमच्या दांपत्याने लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. १८९६ पासून १९०६ पर्यंत दहा वर्षे खपून, पाच लक्ष सतरा हजारांवर रुपये खर्च करून सरकारने मधल्या मनोऱ्याभोवती तीन मजल्यांच्या सात ओळी उभ्या केल्या, आणि त्यांत सातशेच्या आसपास कोठड्या अशा बेताने बसविल्या की प्रत्येक ओळीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे यावे, एका कैद्याने दुसऱ्याचे मुखदर्शन घेऊ नये, आणि दाराची कडी बाहेरून, तीही भिंतीच्या खोबणीत, आतल्याचा हात पोचणार नाही अशी असावी. विनायकराव आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव एकाच तुरुंगात असून कित्येक महिने एकमेकांस दिसले नाहीत. विनायकरावांना तेथे आणले १९११ साली. त्यांच्या पत्नी यमुनाबाई यांना धाकट्या दिरासह समुद्र ओलांडून त्यांची भेट घेता आली ती १९१९ साली, पहाऱ्यात, काही घटका. आणि बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी ती भेट घडण्यापूर्वीच त्याच वर्षी निवर्तल्या. मराठी पतिपत्नींच्या अंदमान-भेटीचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले पान हे आहे, आणि जे आज पाच रात्रींचे पैसे भरून जातात त्यांनी ते एकदा उलटून पाहावे.

परंतु सरकारने जो एकांत शिक्षा म्हणून दिला त्यासाठी माणशी एक स्वतंत्र खोली द्यावी लागली, ही गोष्ट मनातून जात नाही. आमच्या तालुक्यात नवपरिणीत दांपत्यास जी खोली मिळते ती मधली असते. आणि घरातील न्हाणी, गव्हाची कोठी, देवाचे तेल, आजोबांची औषधे, सातबाऱ्यांची पेटी आणि परसाकडे जाणारी वाट ही सारी त्याच खोलीत किंवा तिच्या पलीकडे असतात. पहाटे पाचास आजी दूध काढायला तिच्यातून जाते, सव्वापाचास वडील. साडेपाचास धाकट्या पुतण्याला आपली वही तेथेच राहिल्याचे आठवते. दाराला कडी नसते, कारण आपल्याच घरात कडी कशाला, असा या घरांचा प्रेमळ सिद्धान्त आहे. आणि मग जी दोन माणसे स्वतःच्या घरात एकमेकांशी मोठ्याने बोलू शकत नाहीत, ती बोलण्यासाठी चेन्नईच्या पुढे समुद्रात सुमारे साडेतेराशे किलोमीटर जातात.

तेथे तरी एकांत मिळतो काय? १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून अंदमानापर्यंत समुद्रतळातून सुमारे तेवीसशे किलोमीटरची तार टाकून दळणवळण सुरू झाले, हा दिवस आमच्या सासवांनी सणासारखा पाळावा. त्यापूर्वी फोन लागत नाही, ही सबब सुनेस कामी येत होती, आता राधानगरच्या वाळूत दोघांनी पाय पसरले की पडद्यावर प्रथम वरमातेचे कपाळ प्रकटते, मागोमाग शेजारच्या काकू, आणि त्यांच्याही मागून आत्याबाईंचा आवाज, “समुद्र दाखव पाहू. हो, मोठा हाय. जेवले का?” उरलेला वेळ ‘हनिमून स्पेशल’ मंडळींच्या सकाळच्या हजेरीत, सामुदायिक नाश्त्यात, समान नक्षीच्या शर्टांतील छायाचित्रणात आणि केक कापण्याच्या समारंभात जातो, पलंगावर टॉवेलांचे दोन हंस करून ठेवलेले असतात, आणि साऱ्या सहलीत खरा एकांत लाभतो तो त्या हंसांना. सूर्यही सहकार्य करीत नाही. घड्याळ भारताचे आणि बेटे इतकी पूर्वेला, त्यामुळे हिवाळ्यात तो पाचच्या सुमारास मावळतो. आणि वऱ्हाडी रिवाजाप्रमाणे दुपारी जरा आडवा झालेला जावई डोळे चोळीत बाहेर येतो तेव्हा ‘सूर्यास्तदर्शन’ ही बाब वहीत जमा धरून मंडळी परतलेली असते.

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलेल्यांची कथा निराळी. आमच्याकडे लग्ने उन्हाळ्यात, आणि मान्सून अंदमानात पोचतो साधारण वीस-बावीस मेला. घाटंजीस येईतो जूनचा मध्य. होड्या बंद, किनारा बंद, आणि खिडकीशी बसून आमचा शेतकरी नवरा तो पहिला पाऊस अशा कृतार्थ मुद्रेने पाहत राहतो की नवरीस क्षणभर वाटते, हा आपल्यासाठीच आहे. तेवढ्यात तो भावाला फोन लावतो, “आला रे बाप्पा, जोरात आला! बियानं घेऊन ठेव.”

खर्चाविषयी थोडक्यात. ऐंशी हजारांची सहल धरली तर २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे लांब धाग्यास क्विंटलमागे ८,११० रुपये या दराने, ती दहा क्विंटल कापसाची होते. कोरडवाहू रानात एकरी चार-पाच क्विंटल पिकला तर हे दोन-अडीच एकरांचे वर्षाचे उत्पन्न, वेचाई आणि खतमात्रा वजा न करता. ज्या जिल्ह्याचे नाव वृत्तपत्रांत कापसाच्या पाठोपाठ कोणत्या कारणाने येते हे येथील वाचकांस सांगण्याची गरज नाही. नोकरदार चिरंजिवांनी जावे, जरूर जावे, कोठडीपुढे नतमस्तक व्हावे आणि समुद्रात मनसोक्त भिजावे. पण कर्ज काढून जाणाऱ्याच्या पित्यास माझा एक अर्ज आहे. मुलगा समुद्र विकत घ्यायला निघालेला नाही, तो एक दार विकत घ्यायला निघालेला आहे. तरी येत्या तुळशीच्या लग्नापूर्वी, मुहूर्ताची वाट न पाहता, मधली खोली रिकामी करावी, गव्हाची कोठी आणि सातबाऱ्यांची पेटी ओसरीवर हलवावी, परसाकडे जाण्याची वाट बाहेरून काढावी, आणि सुतारास बोलावून त्या दाराला आतून लागणारी एक कडी बसवून घ्यावी. घाटंजीच्या बाजारात ती शे-दीडशे रुपयांत मिळते.