वायरकाका

ज्या घरात टीव्ही एक आणि आजीही एकच असते, त्या घरात प्लेस्टेशन आलं की दोन-चार दिवसांत वायरकाकांना बोलावणं जातं. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही मालिकांचा, त्यात ढवळाढवळ चालत नाही. मुलगा क्लासवरून येतो तोच मुळी सातला. मग कुणाला तरी माळ्यावरचा मॉनिटर आठवतो. बाबांच्या ऑफिसने भंगारात काढलेला, सतरा इंची, चौकोनी, ‘चालू आहे हो अजून’ या एका वाक्यावर इतकी वर्षं तगलेला. आणि मॉनिटर आठवला की पाठोपाठ वायरकाका आठवतातच.

काका येतात ते साड्यांच्या दुकानाची कापडी पिशवी घेऊन. आत पिवळ्या-पांढऱ्या-लाल टोकांची एव्ही, निळ्या डोक्याची व्हीजीए, पांढऱ्या डोक्याची डीव्हीआय, आणि कशाचा ते आता त्यांनाही सांगता न येणारा एक अ‍ॅडाप्टर. प्रत्येक वायरीला रबरबँड. काकांनी आयुष्यात वायर टाकून दिलेली नाही. काकूंनी एकदा दिली होती, तो विषय त्यांच्या घरात अजून निघतो. काका पुण्याचे असले तर तपकीर गल्लीत आणि मुंबईचे असले तर लॅमिंग्टन रोडवर त्यांची ऊठबस असते. पन्नास रुपयांच्या कनेक्टरसाठी ते बसला साठ रुपये घालतात आणि दुकानदाराशी पाच रुपयांवरून भांडतात.

नव्वदीच्या दशकात घरोघरी ‘टीव्ही गेम’चा डबा आला, मारिओ आणि काँट्राच्या कॅसेटी आल्या, तेव्हा अँटेनाच्या जागी वायर खुपसून चॅनेल शोधून देणारे हेच. तेव्हा पोरं त्यांना दादा म्हणायची. बाकी काही बदललेलं नाही.

आल्याआल्या काका कन्सोलकडे बघतसुद्धा नाहीत. मॉनिटर पालथा घालतात, मोबाइलचा टॉर्च मारतात आणि म्हणतात, ‘‘हं. व्हीजीए.’’ डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरल्यावर होते तशी शांतता घरात पसरते. मग निळं डोकं तपासलं जातं. ‘‘पंधरा पिना. नववी बऱ्याचदा नसतेच, घाबरू नका. पण ही बघा, ही वाकलीय.’’ पेनातली संपलेली रिफिल काढून तिचं पोकळ टोक काका त्या पिनेवर चढवतात आणि श्वास रोखून केसभर, केसभर सरळ करतात. हे काम बघण्यासारखं असतं. ‘मोडली तर?’ असं विचारायची कुणाची छाती होत नाही.

पिन सरळ झाली की व्याख्यान. व्हीजीए १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ या कॉम्प्युटरांबरोबर आली. ‘‘म्हणजे प्लेस्टेशन टू?’’ मुलगा आशेने विचारतो. ‘‘नाही रे, ते २००० सालचं.’’ तुझा हा पीएस फोर चित्र देतो एचडीएमआयमधून, म्हणजे आकड्यांत. या म्हाताऱ्या मॉनिटरला कळतात फक्त लाटा. तेव्हा नुसतं टोक बदलून भागायचं नाही, मध्ये दुभाष्या हवा, कन्व्हर्टर. मॉनिटर डीव्हीआयचा असता तर गोष्ट वेगळी. ते एचडीएमआयचंच घराणं, साधा जोड चालतो, फक्त आवाज मागे राहतो. मुलाला यातलं काही नको असतं, त्याला फुटबॉल खेळायचा असतो. पण काकांना अर्ध्यावर थांबवणं आजीला मालिका बंद करायला सांगण्याइतकंच सोपं.

कन्व्हर्टर लागतो. मॉनिटरवर काळोख.

इथे काकांचा चेहरा उजळतो. चटकन चित्र आलं असतं तर त्यांचा सगळा दिवस फुकट गेला असता. ‘‘एचडीसीपी,’’ ते हळूच म्हणतात. पिक्चरची चोरी होऊ नये म्हणून बसवलेलं कुलूप. समोरच्या यंत्राने ओळख पटवली नाही की कन्सोल चित्र देत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं. मग ओटीटी चालणार नाहीत, गेम चालतील. अडचण एवढीच, की ती सेटिंग दिसायला चित्र लागतं. आणि चित्र दाखवणारा टीव्ही घरात एकच.

आजींशी बोलणी काका स्वतः करतात. ‘‘आई, जाहिराती लागल्या की दोन मिनिटं.’’ आजी मान हलवतात, पण घड्याळाकडे बघून. जाहिरात लागते. काका टीव्ही आणि भिंतीच्या फटीत दंडापर्यंत हात घालतात, चाचपडत सेट टॉप बॉक्सची वायर उपसतात, कन्सोलची खुपसतात. कन्सोल सावकाश जागा होतो. बटण दाब म्हणतो. कोण खेळणार, विचारतो. मुलाचा अंगठा थरथरतो. सेटिंग्ज, सिस्टिम, ती खूण काढ! आता रिझोल्यूशन, सातशेवीस! ‘‘झालं?’’ आजी. ‘‘झालंच.’’ परतीच्या वाटेवर सेट टॉप बॉक्सची वायर चुकीच्या भोकात जाते आणि ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. ती हटेपर्यंत मालिकेत सुनेचं गुपित फुटून गेलेलं असतं, आणि कुणी फोडलं ते आजींना दुसऱ्या दिवशी दुपारच्या पुनःप्रक्षेपणापर्यंत कळत नाही. काकांना त्या दिवशी चहा मिळतो, बिस्किटं मिळत नाहीत.

पण मॉनिटरवर चित्र येतं! रुंद चित्र चौकोनी काचेत कोंबल्यामुळे सगळे खेळाडू उंच आणि उपाशी दिसतात, गोलकीपर खांबाशी स्पर्धा करतो. मुलगा आनंदाने ओरडतो, कंट्रोलर पुढे करतो. ‘‘काका, तुम्ही एक मॅच खेळा ना.’’ काका चमकतात. खेळायचं? त्यांनी आजवर जोडलेल्या कुठल्याही यंत्रावर ते कधी खेळलेले नाहीत. ते वायरींना रबरबँड लावायला घेतात.

असा माणूस आता मागे पडणार, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. परवाच आमच्या वरच्या मजल्यावर पीएस फाइव्ह आला आणि सोबत नवाकोरा मॉनिटर. एचडीएमआयची वायर कन्सोलच्या खोक्यातच होती. पोराने एक टोक इकडे, एक तिकडे लावलं, मिनिटभरात चित्र. कुणीतरी सवयीने काकांना सांगून ठेवलेलं, ते पिशवी घेऊन हजर. काकांनी पडद्याकडे पाहिलं. स्वच्छ, रुंद, झगझगीत चित्र. खेळाडू सगळे अंगापिंडाने व्यवस्थित. काका क्षणभर इतके पडेल दिसले, की घरच्यांनाच अपराधी वाटलं. ते वळणार तोच थांबले. कान दिला.

‘‘आवाज?’’

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मॉनिटरला स्पीकर नव्हतेच. हेडफोन थेट कंट्रोलरला लावता येतो, आवाज तिथून ऐकू येतो, हे काकांना पक्कं ठाऊक. त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. चपला काढून आत येत, पिशवीत कोपरापर्यंत हात घालत म्हणाले, ‘‘वहिनी, चहा टाका. वेळ लागेल.’’