रजेचा कागद अन् गावभर बोभाटा

“ताई, कोणाले सांगू नोका बरं,” असं काकू म्हणाल्या की ती गोष्ट अमरावतीत पार राजापेठेपर्यंत पोचलेली असते, हे आमच्या लाइनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. काल त्या कंपाउंडशी आल्या तेव्हा हातात मेथी निवडायचं ताट होतं. म्हणजे मुक्काम मोठा.

“आमचा अकोल्याचा भाचा नाई का, एमआयडीसीत दालमिलच्या हापिसात हिशोब पाह्यते थो?”

“हाव, दिवाळीत आला होता. शांत आहे पोरगा.”

“लयच शांत झालता व माय. झोप नाई, जेवण नाई. मंग दाखोलं डॉक्टरले. डॉक्टरनं गोया देल्या, म्हणे तीन हप्ते आराम कर. अन् चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून देलं सरळ. यानं थे चिठ्ठी हापिसात जमा केली. अन् तिथल्या बाबूनं काय केलं असन?”

“फाइलीला लावली असेल.”

“फाइलीले कायची लावते! फोटो काढला अन् टाकला स्टाफच्या ग्रुपवर. वरतून लिहलं, लवकर बरे व्हा. खाली गुलाबाची फुलं!”

मला त्या फुलांचाच राग जास्त आला. दुष्टाव्यानं केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. आपल्याकडे माणसाचं सगळ्यात जास्त वाटोळं मायेनं विचारपूस करणारे करतात. दवाखान्यात भेटायला येतात आणि खाटेशी बसून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारतात, नेमकं झालं काय म्हणून.

पुढचं काकूंनी मेथीच्या देठांबरोबर तोडत तोडत सांगितलं. पोरगा कामावर परतला तर कॅशच्या तिजोरीची चाबी दुसऱ्याकडे गेलेली. चहाला कोणी हाक मारेना. मूर्तिजापूरचं स्थळ जवळपास ठरलं होतं, त्यांचा फोन आता लागत नाही, कारण मुलीचा मावसभाऊ त्याच मिलचा माल वाहतो आणि तो त्या ग्रुपवर आहे. पोरानं रागारागात ग्रुप सोडला आणि आता राजीनामा लिहून बसलाय.

“देऊ दे म्हणतो आम्ही,” काकू म्हणाल्या. “मालकासंगं कोण भांडन? पगार देते थो. त्याले तं सांगाच लागते ना काय झालं म्हणून?”

मी लेबर कोर्टातून रिटायर झालेली, त्यामुळे असं काही ऐकलं की गप्प बसवत नाही. म्हटलं, “काकू, मालकाला दोनच गोष्टी कळायला पाहिजेत. माणूस किती दिवस येणार नाही, आणि परत आल्यावर कामाला फिट आहे की नाही. आजाराचं नाव त्याच्या काय कामाचं? पुढच्या वेळी डॉक्टरला सांगा, ‘वैद्यकीय कारणास्तव विश्रांती’ एवढंच लिहा म्हणून. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर चालतं. आणि समजा नाव कळलंच, तर ते रजा मंजूर करणाऱ्यापाशी राहिलं पाहिजे. ग्रुपवर कशाला?”

“पण यायले काही कायदा हाय का?”

आहे. पण तुकड्या तुकड्यांत आहे, आणि कोणता तुकडा कोणाला लागतो हे पाहावं लागतं. मी त्यांना मुंबईच्या त्या मजुराची गोष्ट सांगितली. सरकारी महामंडळात रोजंदारीवर होता, तब्येतीनं धडधाकट. तपासणीत रक्तात एचआयव्ही निघाला आणि त्याचं काम बंद झालं. माणूस मुंबई हायकोर्टात गेला. 1997 साली कोर्टानं सांगितलं की काम करायला समर्थ असलेल्या माणसाला नुसत्या तपासणीच्या कागदावरून काढता येणार नाही, त्याला परत घ्या. त्या निकालात मजुराचं नावच नाही. तो ‘एमएक्स’ आणि महामंडळ ‘झेडवाय’. मालकाचं नाव कळलं तर मजूर ओळखू येईल, एवढा विचार न्यायाधीशांनी केला. आणि इथं एका बाबूला चिठ्ठीचा फोटो काढताना एक क्षण थांबावंसं वाटलं नाही.

पुढे 2017 मध्ये एचआयव्हीचा स्वतंत्र कायदा झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. कामावर भेदभाव नाही, लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, नोंदी सांभाळून ठेवायच्या. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या संस्थेत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमलाच पाहिजे, दवाखान्यात तर वीस माणसांवरच. वर राज्याचा लोकपाल, त्यानं तीस दिवसांत आदेश द्यायचा.

काकूंनी एकदम ताट खाली ठेवलं. “अव बाप्पा! आमच्या पोट्ट्याले थे नाई झालं!”

“नाही झालं, म्हणून तर अडचण आहे. त्या आजाराला कायद्यानं दार लावून दिलं, बाकीच्यांना नुसता पडदा आहे.”

त्या पडद्याचंही खरं सांगितलं पाहिजे. मानसिक आरोग्याचा कायदा 2017 चाच, 29 मे 2018 पासून लागू. त्याचं 23 वं कलम गुप्तता राखायला सांगतं, पण कोणाला? उपचार करणाऱ्यांना. डॉक्टर, नर्स बांधलेले, दालमिलचा बाबू मोकळा. बाबूला धरायचं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याकडे जावं लागतं. त्याचे 2011 चे नियम मानसिक आरोग्य आणि वैद्यकीय नोंदी यांना संवेदनशील माहिती म्हणतात. ती दुसऱ्याला द्यायची तर आधी परवानगी पाहिजे. कंपनीच नाही, भागीदारी फर्म आणि एकट्याच्या मालकीचा धंदाही त्यात येतो. तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आणि त्यानं महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असंही त्यात आहे. अकोल्याच्या किती गिरण्यांना हे ठाऊक असेल ते सोडा. ठाऊक नसणं हे काही उत्तर नाही.

“अन् तो नवा कायदा?” पलीकडून आवाज आला. मास्तर. रिटायर झाल्यापासून यांचा छंद एकच, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणे. काकूंनी ‘कोणाले सांगू नोका’ त्यांना कधी म्हटलं होतं कोण जाणे, पण त्यांना सगळं ठाऊक होतं.

“2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा ना, मास्तर? नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे दीड वर्ष. दंड अडीचशे कोटींपर्यंत. ऐकायला भारी वाटतं. पण तो जाणार सरकारच्या तिजोरीत. आजच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात निदान भरपाई मागायचं एक कलम आहे, 43 अ. नवा पूर्ण लागू झाला की तेही जाणार. ज्याची अब्रू गेली त्याच्या हातात काय, तर तक्रारीचा नंबर.”

“मी सांगतो ऐका,” मास्तर भिंतीशी सरकले. “तुमच्या या गुप्ततेनं आमची वाट लावली अन् तेही अकोल्यावरूनच! 2008 मध्ये एकानं पीएफच्या अकोला हापिसातल्या अधिकाऱ्याची माहिती मागितली. नेमणूक, बदली, मेमो, मालमत्ता. सुप्रीम कोर्टानं 2012 च्या ऑक्टोबरात म्हटलं, हे नोकर अन् मालक यांच्यातलं, खासगी. तेव्हापासून जो तो बाबू देशपांडे निकाल दाखवून अर्ज परत करते.”

मास्तरांचं दुःख खोटं नाही. गिरीश रामचंद्र देशपांडे यांच्या त्या खटल्याचा आडोसा घेऊन पुष्कळांनी आपली लबाडी झाकली. पण मेमो आणि आजार एका मापानं मोजायचे नसतात. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं खासगी माहितीत काय काय येतं ते सांगताना उपचार, औषधं, कोणत्या दवाखान्यात गेला, घरच्यांचे आजार, सगळं घातलं. आणि मोठं लोकहित असेल तर तेही उघडता येतं. मास्तरांना मी नवापूरच्या सुरूपसिंग नाईकांची आठवण दिली. मंत्री होते, 2006 मध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल महिनाभराची कैद झाली आणि त्यातला बराच काळ जेजे रुग्णालयाच्या खाटेवर गेला. त्यांचे वैद्यकीय कागद मागितले गेले तेव्हा मुंबई हायकोर्टानं 2007 मध्ये कैद्याच्या बाबतीत लोकांचा हक्क मोठा मानला. तिथं प्रश्न होता, शिक्षा भोगली की टाळली. दालमिलच्या हिशोबनिसाच्या झोपेच्या गोळ्यांत कोणतं लोकहित?

“पण खरं तेच टाकलं ना ग्रुपवर,” मास्तर हटेनात. “मंग बदनामी कशी?”

“फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, मास्तर. ते सांगण्यात लोकांचं भलं आहे, हेही दाखवावं लागतं.”

यावर ते घरात गेले. पुस्तक पाहायला गेले असणार.

काकू आता खरंच ऐकत होत्या. “मंग काय करा म्हणतो पोट्ट्यानं?”

राजीनामा आधी फाडायचा, म्हटलं. तो दिला की मालक म्हणणार, गेला आपल्या मर्जीनं. ग्रुप त्यानं सोडला, पण एखादा तरी मित्र आत असेल, त्याच्याकडून त्या फोटोचा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट आजच घ्यायचा. बाबू पुसून टाकायच्या आत. मग मालकाच्या नावानं एक पान. चिठ्ठी कोणत्या तारखेला, कोणाच्या हातात दिली. ग्रुपवर कधी आली. कॅशचं काम कधी काढलं आणि कारण काय दिलं. मागणी साधी: फोटो काढा, पुढे पाठवू नका असं ग्रुपवर लेखी कळवा, माझी फाइल कोणाच्या ताब्यात आहे ते सांगा, काम परत द्या. आवकचा शिक्का मारून पोच घ्यायची. घेत नसतील तर स्पीड पोस्ट. महिना वाट पाहायची, आणि मग वकील. 43 अ खालची भरपाई राज्याच्या आयटी सचिवांपुढे मागावी लागते, म्हणजे मुंबईची वारी. त्यामुळे प्रकरण पत्रावरच मिटलं तर बरं. बहुतेक वेळा मिटतंही, कारण मालकाला कायद्यापेक्षा कागदाची भीती जास्त असते.

“अन् थ्या बाबूले?”

“त्याला नोकरीवरून काढा म्हणू नका. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं काम मालकाचं होतं.”

“अन् मूर्तिजापूर? मी म्हणत होतो, आपणच फोन करून सांगून टाकाव, काही मोठं नाई, झोपेचं हाय म्हणून.”

“काकू, तेवढं मात्र करू नका. त्या पोरीला सांगायचं का, कधी आणि किती, ते तो ठरवेल. बाबूनं एकदा त्याला न विचारता सांगितलं, आता मावशीनंही तेच करायचं का? आणि हे पत्राचं कोणाला बोलू नका. इथं अमरावतीतसुद्धा नाही.”