अस्सल बरहुकूम

(रंगमंचावर एक खुर्ची. तिच्यावर टेकवलेली, तोंड फिरवलेली एक चौकट.)

शिकागोवासी मराठी गृहस्थाच्या दिवाणखान्यात झॉर्झ सराचे ‘ला ग्रांद जात’ बेटावरील रविवार दुपारचे चित्र नसले, तर त्याचा साडू त्याला अरसिक ठरवतो, आणि असले, तर ते ठिपके निरखून “छापताना शाई संपत आली होती का?” अशी सहानुभूतीने विचारपूस करतो.

१८८४ ते १८८६ या काळात रंगवलेले, सुमारे सात फूट उंच आणि दहा फूट रुंद असे ते अस्सल आमच्याच शहरातील आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. मी घेतली ती अभिलेख-दर्जाची प्रतिकृती: आम्लरहित सुती कागद, रंगद्रव्याची शाई, शंभर वर्षे रंग न उडण्याची हमी. तक्रार करायला तोवर गिऱ्हाईक उरत नाही, हे दुकानदाराने हिशेबात धरलेच होते.

इतक्यात साताऱ्याहून सासरे, म्हणजे अण्णा, आले. मामलेदार कचेरीतले निवृत्त नक्कल कारकून.

(चष्मा नाकावर ओढून) “जावईबापू, नक्कल ना? मग रुजुवात झाली का?”

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन अण्णा अस्सलासमोर उभे! “काळा कुत्रा, एक. बरोबर. माकड, एक, दोरीसकट. बरोबर. छत्र्या...” नाक कॅनव्हासला लागणार तोच रखवालदार धावला, तर अण्णा सातारी मराठीत गरजले, “सरकारी कामात अडथळा!”

आणि मग एकाएकी खालच्या आवाजात, “चतुःसीमा कुठाय?”

सराने चित्राभोवती मागाहून ठिपक्यांचीच एक रंगीत किनार रंगवली होती. माझ्या चौकटवाल्याने, ‘कडेला घाण आली होती साहेब’ म्हणून, ती कापून टाकली होती!

(थांबून) गवतावरचे उन्हाचे पिवळे ठिपके मात्र अस्सलातच तपकिरी पडले आहेत. जस्ताचा तो पिवळा दगाबाज निघाला, थोड्याच वर्षांत मळला. आणि सरा १८९१ साली, एकतिसाव्या वर्षीच गेला. मी म्हटले, छापताना तेवढे ऊन उजळून घ्यायला हवे होते. अण्णा बराच वेळ त्या गवताकडे पाहत राहिले. “नाही. अस्सल फाटले असेल, तर नकलेत ‘येथे कागद फाटला आहे’ असे लिहायचे. आपण शिवायचे नाही.”

(चौकटीची पाठ प्रेक्षकांना दाखवतो.) घरी येऊन त्यांनी पेन्सिलीने शेरा मारला: ‘चतुःसीमा गहाळ. बाकी बरहुकूम.’

“नक्कल फी किती पडली?”

मी आकडा सांगितला. अण्णांनी मनात रुपये केले.

“जावईबापू, एवढ्यात अस्सल येत नव्हते?”