तुळशीचे अतिक्रमण

कोकणातील आमच्या घराला अंगण होते. मुलुंडच्या घराला ग्रिल आहे. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर अधांतरी लोंबणाऱ्या त्या दीड फुटी लोखंडी पिंजऱ्यात गवती चहा, पापडांचे वाळवण आणि बाहेरच्या अंगास टांगलेली तुळशीची कुंडी, असे आमचे समग्र परसदार सुखाने नांदत असता, एके दिवशी सेक्रेटरीसाहेबांच्या सहीशिक्क्यानिशी फर्मान येऊन थडकले : सदर कुंडी इमारतीच्या दर्शनी भागास बाधक असल्याने, गतवर्षीच्या सभेतील ठरावान्वये, सात दिवसांचे मुदतीत आत घ्यावी.

श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीत सारस्वत मंडळींनी देशातील पहिली म्हणून गणली जाणारी सहकारी गृहनिर्माण संस्था थाटली, तेव्हा भाडेकरूचा मालक व्हावा, हा उदात्त हेतू होता. तो सफल झाला. मात्र पूर्वी एकाच घरमालकाची मर्जी सांभाळावी लागे, ती आता पंचवीस घरमालकांची सांभाळावी लागते. १९६० च्या अधिनियमाने व त्याखालील उपविधींनी घर आपले केले, पण त्याची बाहेरची भिंत सर्वांची ठेवली. सबब खिळा आतून ठोकण्यास हातोडी पुरते, बाहेरून ठोकण्यास समितीची लेखी परवानगी लागते.

संतापून मी हरकतीचा मसुदा रचला आणि त्याच्या पुष्ट्यर्थ इतिवृत्ताची नक्कल मागवली. वार्षिक सभेचे शास्त्र मोठे गहन आहे : गणपूर्तीअभावी ती अर्धा तास तहकूब होते आणि त्या अवधीत एकही सभासद वाढला नसता, त्याच जागी, गणपूर्तीच्या अटीविना यथासांग भरते. त्या रात्री गच्चीवर आम्ही नऊ इसम होतो, आणि बटाटेवड्यांची प्रतीक्षा करीत असता कसल्याशा ठरावाला आपण मान डोलावल्याचे मला अंधुक स्मरत होते. नकलेच्या अखेरीस 'अनुमोदक' या शब्दापुढे माझेच नाव होते.

कुंडी निमूटपणे आत आली. परंतु उपविधींचे ज्ञान नसलेल्या तुळशीने महिनाभरात उन्हाच्या ओढीने दोन फांद्या गजांबाहेर काढल्या. त्यामुळे सांप्रत मुळे कायदेशीर आणि मंजिऱ्या बेकायदा, अशी अवस्था आहे. दुसरी नोटीस अद्याप आलेली नाही. सेक्रेटरीसाहेबांना सध्या खोकला आहे, आणि काढ्याला पाने आमच्याकडूनच जातात.