पोटावरचा माणूस

सप्टेंबरातल्या रविवारी कासच्या पठारावर गेलात, तर चार प्रकारची माणसं भेटतात. फुलांसोबत सेल्फी काढणारी, फुलांची नावं ठामपणे चुकीची सांगणारी आणि "एवढ्यासाठी साताऱ्याहून वर आलो होय?" असं विचारत मक्याचं कणीस खाणारी. चौथा प्रकार भेटत नाही, तो पायात येतो. हे मॅक्रोवाले, म्हणजे फुलांचे अगदी जवळून फोटो काढणारे.

मॅक्रोवाले उभे असताना सहसा कुणी पाहिलेले नाहीत. पाहिलेच, तर ओळख पटायला शर्टाचा पुढचा भाग पुरतो. तिथे जांभ्याच्या तांबड्या चिखलाचा नकाशा असतो. मागून मात्र हेच गृहस्थ थेट बँकेत जाता येईल इतके स्वच्छ असतात. फुलांवर पडणं पाप, म्हणून ते पायवाटेवर आडवे होतात. मग मागे माणसांची रांग तुंबते. तेव्हा ते मान न वळवता म्हणतात, "दोनच मिनिटं. वारा पडू दे."

पठारावर वारा पडत नसतो. वाऱ्याशी यांचा उभा दावा, आणि तो ते आडवे पडून चालवतात. शंभर मिलिमीटरच्या लेन्सने फूल जवळून टिपायचं, तर जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर भाग रेखीव येतो, बाकी सगळं धूसर. फूल केसभर हललं की पुंकेसर गेला आणि देठ आला. म्हणून वहिनी छत्री घेऊन वाऱ्याच्या बाजूला उभ्या असतात. पाऊस आला तरी छत्री फुलावरच. ट्रायपॉडचा हा चौथा पाय मॅक्रोवाल्यांच्या कोणत्याही सामानाच्या यादीत नसतो.

"फुलांचे गालिचे" हे शब्द यांच्यापुढे काढू नयेत. "गालिचा पाय पुसायला असतो," असं उत्तर मिळतं. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरवली, त्यांत कास आहे, हे त्यांना मान्य आहे. पण त्यांच्या हिशेबी तो वारसा एकूण चार मिलिमीटरचा.

त्या चार मिलिमीटरचं मात्र सगळं ठाऊक असतं. लोक जो पांढरा गेंद शर्टाचं बटण समजून ओलांडतात, त्यात इवल्या फुलांची केवढी गर्दी आहे ते हे दाखवतात. वहिनी कौतुकाने "अगंबाई, सीतेची आसवं!" म्हणाल्या, की हे खालून "युट्रिक्युलेरिया" अशी दुरुस्ती सुचवतात. आणि निळ्याजांभळ्या नाजूक फुलाखाली, ओल्या मातीत, बारीक जीव गिळणाऱ्या फुग्यांचे सापळे लपलेत, हे तिथल्या तिथे सांगून टाकतात. हळहळायला वाकलेल्या बायका झटकन सरळ होतात. दवबिंदू या वनस्पतीवर तर त्यांचा विशेष जीव. एरवी खिशातल्या पिचकारीने फुलांवर दव पाडावं लागतं. इथे चिकट थेंब झाडाचे स्वतःचे, वर त्यांत एखादी माशी आयती अडकलेली.

घरी आल्यावर खरी परीक्षा पाहुण्यांची. सोनकीचे सत्तर फोटो एकामागून एक येतात.

"यातला कुठला बरा वाटतो?"

"सगळे सारखेच आहेत की."

"सारखे? अहो, या फोटोत मुंगीचा मागचा पाय फोकसमध्ये आहे!"

पाहुणे मुंगी शोधतात. चहा निवतो. मग मुंगी सापडते. तिच्या पायाला परागकणांची पिवळी भुकटी लागलेली दिसते, आणि पाहुणा स्वतःच्या नकळत म्हणून जातो, "अजून मोठं करा बरं." वहिनींना त्या क्षणी कळतं, की आणखी एक घर बुडालं.

वहिनींना एकच गोष्ट लागून राहिलीय. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. फुलली, की चढच्या चढ जांभळा होऊन जातो. तसा तो झाला त्या दिवशी दोघंही पठारावर होती. गर्दी तोंडात बोट घालून उभी होती. वहिनींनी चार हाका मारल्या. हे त्या चढाकडे पाठ करून पालथे पडलेले, नाक कवल्याच्या एका फुलापाशी.

"अहो, परत सात वर्षं नाही दिसायचं हे!"

"सात वर्षं ना?" खालून आवाज आला. "तोवर वारा नक्की पडेल."