उद्या तुम्हाला काही झालं तर…

मराठी घरात कर्त्या माणसाच्या मरणाचा विषय कुणी काढत नाही. आई काढत नाही, बायको काढू देत नाही आणि आपण काढलाच तर तिन्हीसांजेला काय हे बोलणं, म्हणून गप्प बसवलं जातं. हा विषय राजरोस, आपल्याच सोफ्यावर बसून, आपलाच चहा पीत, आपल्या बायकोच्या देखत काढू शकणारा इसम एकच: गृहकर्ज करून देणारा एजंट. धंद्यात त्याला डीएसए म्हणतात.

"सर, उद्या तुम्हाला काही झालं तर…" एवढं म्हणून तो वहिनींकडे बघतो. वाक्य तो कधीच पुरं करत नाही. ते वहिनींनी मनातल्या मनात पुरं करायचं असतं.

त्याचं टायमिंग मात्र दाद देण्याजोगं. तुम्ही पहिला फोन केलात तेव्हा तुम्ही अमर होता. सॅलरी स्लिपा, फॉर्म सोळा, बँकेचं स्टेटमेंट दिलंत, तेव्हाही तुमच्या प्रकृतीची चौकशी झाली नाही. फाइल लॉगिन झाली, सिबिल बघून झाला, वकिलाचा सर्च रिपोर्ट आला, टेक्निकलवाला फ्लॅट मोजून गेला, तुम्ही ठणठणीत. मग सँक्शन लेटर आलं. पुण्यात फ्लॅट घेताय म्हणून सात टक्के मुद्रांक शुल्क आणि तीस हजार नोंदणी फी भरून तुम्ही रिकामे झालात. बिल्डरचं डिमांड लेटर आलं, चेक निघायला दोन दिवस उरले आणि नेमके त्याच दोन दिवसांत तुम्ही आजउद्याचे सोबती असल्याचं एजंटाच्या ध्यानात आलं.

"इन्शुरन्स कम्पल्सरी आहे, सर."

"कुणी केला?"

"वरून आहे."

वर म्हणजे कुठे? रिझर्व्ह बँक मुंबईत, विमा नियामक हैदराबादला. गृहकर्ज घेणाऱ्याने सोबत आयुर्विमा घेतलाच पाहिजे, असा नियम दोघांपैकी एकाचाही नाही. इमारतीचा, आगीचा-भूकंपाचा विमा कर्जाच्या करारात मागितला जातो, ती गोष्ट निराळी. पण एजंटाचं 'वर' मुंबई-हैदराबादच्याही वर आहे. ते बहुधा शाखेच्या टार्गेटच्या तक्त्यात असतं आणि मार्च महिन्यात आणखी वर सरकतं. गंमत म्हणजे ज्या फॉर्मवर ही सक्तीची सही होते, त्यावर 'मी हा विमा स्वखुशीने घेत आहे' असं छापलेलं असतं. त्यासमोरच्या चौकोनात टिक आधीच केलेली असते. तुमची स्वखुशीसुद्धा तुम्हाला तसदी न देता आणून दिली जाते.

आता हिशेब. समजा पन्नास लाखांचं कर्ज आणि विम्याचा एकरकमी प्रीमियम दीड लाख. दीड लाख ऐकून तुमचा चेहरा पडला की एजंटाचा उजळतो. "खिशातून काही द्यायचं नाही, सर! लोनमध्येच ॲड करू. हप्त्यात तेराशे रुपयांचा फरक पडतो फक्त." अगदी खरं आहे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा दीड लाखाचा हप्ता तेराशेच येतो. तेराशे गुणिले दोनशे चाळीस हप्ते, म्हणजे तीन लाख बारा हजार. थोडक्यात, आपण मेलो तर बँकेचे पैसे बुडू नयेत यासाठीचा प्रीमियम आपण बँकेकडूनच कर्जाऊ घ्यायचा आणि त्यावर वीस वर्षं व्याजही बँकेलाच द्यायचं. भाजीवालीसुद्धा पिशवीत वरून कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, पण त्या काड्यांचे हप्ते पाडत नाही.

शिवाय हा विमा कर्जासोबत झिजत जातो. वर्षागणिक कर्ज उतरतं, तसं संरक्षणही ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे उतरतं. प्रीमियम मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण घेतलेला. काही ठिकाणी तर कर्ज वीस वर्षांचं आणि विमा पाचच वर्षांचा असतो. सहाव्या वर्षापासून तुम्ही पुन्हा अमर. या पॉलिसीची मालक म्हणजे मास्टर पॉलिसीधारक बँक असते आणि तुमच्या हाती येतं ते एक सर्टिफिकेट. तुम्ही गेलात की त्यातून आधी बँकेची बाकी चुकती होते आणि काही उरलंच तर नॉमिनीला. म्हणजे ज्या वहिनींकडे बघून ते अर्धवट वाक्य टाकलं होतं, त्या रांगेत दुसऱ्या. आणि वहिनी नोकरी करत असतील, सहकर्जदार असतील, अर्धा हप्ता त्यांच्या पगारातून जात असेल, तरी अनेकदा विमा फक्त साहेबांचा उतरवलेला असतो. उद्या वहिनींना काही झालं तर, हे वाक्य एजंटाच्या ट्रेनिंगमध्ये नसावं.

विमा घ्यायचाच नाही, असं आमचं म्हणणं नाही. डोक्यावर कर्ज आणि पदरी पोरं असलेल्या माणसाला विमा हवाच. साधी टर्म पॉलिसी स्वतंत्रपणे घेता येते. तिची रक्कम झिजत नाही, कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी ती हलत नाही आणि पैसे थेट घरच्यांच्या हाती येतात. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा 1874 चा कायदा आहे; त्याखाली पॉलिसी घेतली तर ते पैसे बायकामुलांचे, धनको त्यांना हात लावू शकत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा व्यक्तिगत आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला. ही माफी समूह विम्याला नाही. पण ही माहिती देण्यात एजंटाला काय मिळणार?

काय मिळतं, हाही एक प्रश्नच. विमा विकायला परीक्षा द्यावी लागते, परवाना लागतो. डीएसएकडे तो बहुधा नसतो. म्हणून तो विमा विकत नाही, 'फक्त सही घेतो'. विकते ती बँक, विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट म्हणून. कोणत्या पॉलिसीवर किती कमिशन द्यायचं याच्या मर्यादा पूर्वी ठरलेल्या असत. एप्रिल 2023 पासून त्या उठल्या आणि त्याऐवजी कंपनीच्या एकूण खर्चाला मर्यादा आली. तेव्हापासून तुमच्या आयुष्याबद्दलची आस्था नेमकी किती टक्के आहे, हे बाहेरून कळायची सोय उरलेली नाही.

सगळ्यात कळस म्हणजे आरोग्याचं निवेदन.

"शुगर, बीपी काही नाही ना, सर?"

"शुगर आहे थोडी. गोळी चालू आहे."

"थोडी आहे ना? मग 'नाही' लिहितो. नाहीतर मेडिकल लागेल, चेक लांबेल."

दहा सेकंदांत मधुमेह बरा! आपल्याकडे भोंदूबाबांना यासाठी महिनाभर काढे पाजावे लागतात. पुढे खरोखरच काही झालं की हाच 'नाही' विमा कंपनी भिंग लावून वाचते. पॉलिसीला तीन वर्षं झाली की विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे कंपनी हरकत घेऊ शकत नाही, त्यामुळे निदान तीन वर्षं तरी तब्येतीला जपावं.

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबईत स्टेट बँकेच्या परिषदेत खुद्द अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी, गळ्यात विमा मारल्याने ग्राहकाचं कर्ज आडवाटेने महाग होतं, असं बँकांना सुनावलं. श्रोत्यांत बँकवालेच होते. त्याआधीच, 1 ऑक्टोबर 2024 पासून, रिझर्व्ह बँकेने प्रत्येक किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलं होतं. बँकेने वसूल केलेला विम्याचा खर्चही त्यातल्या वार्षिक दरात धरायचा असतो. जाहिरातीतला साडेआठ टक्के तिथे फुगलेला दिसतो. फक्त तो कागद साठ-सत्तर सह्यांच्या गठ्ठ्यात असतो आणि त्याच्यावर एजंटाचं बोट असतं: "इथे सर. इथे. आणि इथे."

सही होऊन गेली असेल, तरी पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. या सोयीला फ्री-लुक म्हणतात. कर्ज मुदतीआधी फिटलं तर उरलेल्या काळाचे पैसेही मागता येतात. मागावे लागतात, हे महत्त्वाचं. तुमच्या मृत्यूची आठवण ठेवणारा एजंट ही तारीख मात्र विसरतो.

आमच्या माहितीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका मुलाच्या कर्जाच्या वेळी त्याच्यासोबत बसल्या होत्या. कम्पल्सरी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "बरं. मग 'विमा घेतल्याशिवाय कर्ज मिळणार नाही' एवढं एक वाक्य बँकेच्या ईमेलवरून पाठवा. आम्ही लगेच सही करतो."

एजंट म्हणाला, विचारून सांगतो. बाहेर जाऊन फोनवर बोलला आणि पाच मिनिटांत परत आला. सक्ती संपली होती. वरून स्पेशल केस म्हणून मंजुरी मिळाली होती. फक्त व्याजदर पाव टक्का वाढू शकतो, असं तो पुटपुटला. तेही लेखी द्या, असं बाई म्हणाल्यावर तो दरही जागच्या जागी राहिला.

कागद आवरता आवरता त्याने चिरंजीवांकडे मोर्चा वळवला.

"इन्शुरन्स राहू दे, सर. पण वास्तुशांतीचं, फर्निचरचं काय ठरलंय? टॉप-अप करून देतो पाच लाखांचा. त्याच्यावरचा इन्शुरन्स अगदी छोटा असतो."