सेट झाला का?

शेजाऱ्यांनी नालीवर नवा ढापा टाकला होता. मी सवयीनं त्यावर पाय टाकायला गेलो, तर मिस्त्री ओरडला, "मास्तर, पाय नका देऊ, माल सेट व्हायलाय!" मी लांब ढांग टाकून पलीकडे गेलो. सलूनच्या खुर्चीत बसतो न बसतो तोच कारागिरानं विचारलं, "सर, दाढी सेट करायची का पूर्ण काढायची?" घरी आलो तर बहिणीचा फोन चालू होता. ओळखीतल्या एका स्थळाबद्दल ती आमच्या सौभाग्यवतींना सांगत होती, "मुलगा पुण्यात सेट आहे." नऊ वाजायच्या आत सिमेंट, दाढी आणि नवरदेव हे तिघे एकाच क्रियापदानं बांधले गेले होते.

मी आयुष्यभर नवीन जालन्यात इंग्रजी शिकवलं. 'नवीन' हे आपलं म्हणायचं. कुंडलिकेच्या त्या काठाला जुना जालना, या काठाला आम्ही. इकडच्या कादराबादेतले जुने वाडे पाहिले की यात नवीन काय, असा प्रश्न पाहुण्यांना पडतो. असो. वर्गात क्रियापदांची तीन रूपं पाठ करून घ्यायचो तेव्हा पोरांचं सगळ्यात लाडकं क्रियापद हेच. गो-वेंट-गॉनला रडकुंडीला येणारी पोरं सेट-सेट-सेटला छाती पुढे काढून उभी राहायची. काल सेट, आज सेट, झालेलंही सेट. पाठ करायला एक आणि मार्क तिन्हीचे.

या गरीब दिसणाऱ्या शब्दानं ऑक्सफर्डच्या कोशकारांचा मात्र घाम काढला. 1989 साली निघालेल्या त्यांच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे 430 अर्थ दिले आहेत आणि ते समजावायला सुमारे 60,000 शब्द खर्ची पडले आहेत. आमच्या मोल्सवर्थसाहेबांच्या 1857 सालच्या मराठी कोशात सगळे मिळून शब्दच तेवढे. तुलना अन्यायाची आहे हे मला कळतं. एकीकडे विवरणातले शब्द मोजायचे आणि दुसरीकडे नोंदी, हे काही खरं नाही. पण जालना व्यापाऱ्यांचं गाव आहे, इथं आकडा कानावर पडला की तागडीत टाकून बघायची खोड लागते. पुढे नव्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 'रन'नं 645 अर्थांनिशी 'सेट'ला मागं टाकलं. तिथल्या एका कोशकाराचे त्या एकट्या शब्दात नऊ महिने गेले. मला त्याच्या घरच्यांची काळजी वाटली. "आज काय केलंत?" या प्रश्नाला नऊ महिने एकच उत्तर.

आमच्या घरात या शब्दाची कळ जास्त आहे, कारण भाचा. तो आमच्याकडेच राहतो. मराठीत एम. ए. आहे. प्राध्यापक व्हायला लागणारी राज्याची पात्रता परीक्षा, जिला सगळा महाराष्ट्र सेट म्हणतो, ती तो पहिल्या झटक्यात पास झाला. त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून तो तासिका तत्त्वावर शिकवतो. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की हात हलवत घरी. आमच्या शेजारच्या काकूंना हे गणित अजून उमगलेलं नाही. त्या दर आठ दिवसांनी विचारतात, "सेट झाला का हो तुमचा भाचा?" आणि मी खरं तेच सांगतो, "सेट झालाय, पण सेट नाही."

त्यावर एक परोपकारी गृहस्थ हळूच म्हणाले होते, "सेटिंग लावून बघा ना कुठं." हा 'सेटिंग' नावाचा अवतार इंग्रजांनीही पाहिला नसेल. शब्द त्यांचा, कर्तबगारी पूर्ण आपली. पोरगा-पोरगी एकत्र चहा पिताना दिसले तरी सेटिंग, अडलेली फाइल पुढे सरकली तरी सेटिंग. पण तोंड वाकडं करायच्या आत आमच्या साडूंचा विचार येतो. त्यांची बदनापूरकडे मोसंबीची बाग आहे. ते हाच शब्द अगदी स्वच्छ मनानं वापरतात. "यंदा आंब्या बहाराची सेटिंग झकास आहे" म्हणजे फुलं गळली नाहीत, त्यांची फळं झाली. ज्या जिल्ह्यातल्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिथं या वाक्याला नोकरीच्या ऑर्डरीइतकं वजन असतं. इंग्रजीत झाड बीसुद्धा 'सेट' करतं. आपलं झाड बी धरतं. आणि बी धरायचं कसं हे जालन्याला कुणी शिकवायला नको. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, संकरित बियाणं देशभर पोचवलं आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तो ऐकून गावाची मान ताठ झाली, ती बियाण्याच्या दुकानांतून अजून तशीच आहे.

भाच्याला एकदा सहज म्हटलं, या 'सेट'ला मराठीत एक शब्द सांग. तो म्हणाला, "मामा, एकच आहे. बसवणे." मी जुन्या सवयीनं चूक काढायला कोश उघडला आणि गप्प झालो. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे मुळात त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे दुसऱ्याला बसवणे. इतकी वर्षं शिकवलं, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. भाच्यानं मग मलाच शिकवणी लावली. संस्कृतातला सद् हा धातू आणि इंग्रजी 'सिट' एकाच कुळातले. सदन त्याच्यातलं, संसद त्याच्यातली, गुरूजवळ जाऊन बसायचं ते उपनिषदही त्याच्यातलं. आपलं 'बसणे' मात्र त्या घरचं नाही. ते 'उपविश्'वरून 'बैसणे' होत होत इथवर आलं. रक्ताचं नातं नाही, पण उद्योग जुळ्या भावाचे.

अंगठीत खडा बसवतात, तो तिकडेही सेट करतात. निखळलेलं हाड हाडवैद्य बसवतो, तेही. नाटक बसवतात, चाल बसवतात, सरकार कर बसवतं, बाई संसाराची घडी बसवते. गणपती बसवतात, नवरात्रात घट बसतात आणि आमच्या मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. कादराबादेतल्या आजीबाईंना "तुमच्याकडं उभ्या का बसलेल्या?" असं महालक्ष्म्यांबद्दल विचारून पाहा. "बसतात उभ्याच!" असं उत्तर येतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ऑक्सफर्डचा कोशकार या वाक्यात आणखी नऊ महिने अडकला असता.

पण या भावाचा स्वभाव लहरी. इंग्रजीत धंदा 'सेट अप' केला की पेढे वाटतात. मराठीत धंदा बसला की दुखवट्याला जातात. मोंढ्यातल्या एका ओळखीच्या शेठजींना मी विचारलं, "धाकट्याचं कसं काय?" ते म्हणाले, "बसला जम." मी 'बसला' एवढंच ऐकून चेहरा पाडला. ते बघतच राहिले. जम बसला, बस्तान बसलं, तर साखर. भिंत बसली, आवाज बसला, फटका बसला, तर हळहळ. पोरगा 'सेट झाला' म्हणजे मार्गी लागला आणि पोरगा 'बसला' म्हणजे घरी बसला. (या शेठ लोकांचाही घोळच आहे. आमचा मिस्त्री सेट आणि शेठ एकाच सुरात म्हणतो. "शेठ सेट आहेत" असं तो एकदा कुणाबद्दल बोलला, तेव्हा मला वाटलं त्याची जीभ अडकली.)

मागच्या महिन्यात, त्या ढाप्याच्याच दिवशी, भाचा मुलाखतीला नांदेडला गेला. कायमची जागा होती. पहाटे सौभाग्यवतींनी त्याच्या हातावर दही ठेवलं, काकू दारात येऊन "या वेळी सेट होऊनच ये" म्हणाल्या. दिवसभर फोन नाही. सहाच्या सुमाराला वाजला. मागं इतका कल्लोळ की धड ऐकू येईना. त्याचं एकच वाक्य कानावर आलं, "मामा, जागा मिळाली! बसलो एकदाचा!"

मी तेच वाक्य मोठ्यानं म्हटलं. हिनं देवापुढं साखर ठेवली, मग चिमूटभर माझ्या तोंडात घातली, आणि काकूंना सांगायला गेलीसुद्धा. ओल्या ढाप्याची आठवण न ठेवता काकू धावत आल्या. मी फोनमध्ये ओरडलो, "अरे, मग पगाराचं काय ठरलं?"

"कसला पगार?" तिकडून आवाज आला. "गर्दी किती आहे, मामा. परभणीपर्यंत तरी उभंच राहावं लागतं की काय, असं वाटलं होतं."